रविवारचे चोवीस जोड

सोमवारी पेटी उघडली आणि मशीनच्या पडद्यावरचा आकडा पाहून संघमित्रा थबकली. इंटरनेट केबलमधल्या केसासारख्या बारीक फायबरची टोकं वितळवून जोडणारं ते मशीन, दर जोडामागे त्याचा आकडा एकाने वाढायचा. शनिवारी चोवीस जोड करून तिने पेटी बंद केली होती. आज आकडा आणखी चोवीसने पुढे गेलेला.

सुट्टीच्या दिवशी पेटी तिच्यासोबत काम करणाऱ्या निलेशच्या घरी असायची, कारण बाईक त्याच्याकडे. पाय लावले की टेबल होणारी ती जड पेटी खांद्यावरून नेणं सोपं नव्हतं.

“काल मशीन वापरलंस का रे?” तिने विचारलं.

“मी? छे! मावशीकडे होतो, मुलुंडला.”

तो इतक्या सहज बोलला की तिला ते जास्तच खटकलं. बाहेरची कामं घेत असणार, दुसरं काय! सुपरवायझर श्यामसुंदर सरांकडून मशीन तिच्या सहीने निघालं होतं. बिघडलं तर वाट तिची लागणार. तरी ती गप्प राहिली. पुढच्या शनिवारी तिने बारा जोड केले, सोमवारी आकडा बाराने वाढला. त्यापुढच्या शनिवारी अठरा, तर सोमवारी अठराच. आता तिचं डोकं भणभणलं. बाहेरचं काम दर वेळी आपल्याच मापाचं कसं निघेल?

चौथ्या रविवारी ती उठली आणि थेट वाकोल्याला गेली. आदल्या दिवशी तिने नवी लाईन जोडली होती, त्याच इमारतीमागे निलेश बसला होता. पेटीचं टेबल मांडलेलं, तिने बंद केलेला जोडांचा डबा सताड उघडा, हातात कात्री.

“मावशी इथे राहायला आली वाटतं?”

निलेश दचकून उठला. “अगं, ऐकून तर घे. श्यामसुंदर सरांनीच सांगितलं. तुझे जोड कच्चे निघतात, तक्रारी येतायत. वर कळलं तर तुला काढतील. म्हणून गुपचूप परत करतो. तुझ्यासाठीच ना यार!”

तिची कानशिलं तापली. आठ वर्षं ती हेच काम करत होती. क्षणभर तिला स्वतःच्या बोटांचाच संशय आला.

“तोडण्याआधी एक तरी मोजलास?”

निलेशने कात्री खाली ठेवली.

“मीटर काढ.”

सात जोड अजून शाबूत होते. दोघांनी मीटर लावून एकेकातून किती प्रकाश गळतो ते मोजलं. सातही चोख.

“लाव सरांना फोन. स्पीकरवर.”

श्यामसुंदर सरांनी सगळं ऐकून घेतलं. “मी असं कधी म्हणालो? जरा लक्ष ठेव म्हणालो होतो फक्त,” म्हणाले, आणि फोन कट.

“आयशप्पथ, त्यांनीच सांगितलं गं!” निलेशचा चेहरा पडला होता. पण मावशीची थाप मारतानाही या माणसाची पापणी लवली नव्हती. विश्वास ठेवायचा तरी कोणावर?

तिने त्याला बाजूला केलं, तोडलेले जोड स्वतः पुन्हा केले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन तिने तक्रारींची यादीच मागितली. तिच्या कामाबद्दल त्यात एकही तक्रार नव्हती. श्यामसुंदर सर म्हणाले, “काहीतरी गैरसमज झाला.” महिनाभरात त्यांची बोरिवलीला बदली झाली. का, ते कोणी सांगितलं नाही.

निलेशने माफी मागितली, तिने मान डोलावली. दोघं अजून एकत्रच काम करतात. पण तो चहा घेऊन आला की ती आधी डब्याचं झाकण घट्ट लावते, आणि मग कप हातात घेते.