मुद्दाम कोरलेली खाच

मित्रांनो, मी एक जुनी धातूची नळी आहे. बोटाएवढी जाड, हातभर लांब. माझ्या जातीच्या नळ्यांत अणुभट्टीचं इंधन भरतात. माझ्यात मात्र ते कधीच भरलं नाही, कारण माझ्या अंगावर केसाएवढी बारीक खाच मुद्दाम कोरलेली आहे.

डोंबिवलीच्या एका कारखान्यात रिकाम्या नळ्या न कापता, न मोडता तपासल्या जात. नळी पाण्याच्या टाकीत फिरे, यंत्राचं टोक, म्हणजे प्रोब, तिच्यावर ध्वनिलहरी सोडे. तडा असला तर पडद्यावरची रेषा उंच उठे. यंत्र खरं बोलतंय ना, हे बघायला प्रत्येक गठ्ठ्याआधी आणि नंतर मला टाकीत सोडत. माझ्या खाचेवर रेषा उठलीच पाहिजे.

एका दुपारी चाळीस नळ्या निर्दोष ठरल्या. टेम्पो दारात उभा होता. तपासनीस चित्राताईंनी मला उचललं, तसा यंत्र चालवणारा साईनाथ म्हणाला, "अहो ताई, सकाळी केलीय ना ही तपासणी!"

"सकाळी तू अंघोळही केली होतीस. आता शर्ट बघ स्वतःचा."

मी टाकीत फिरले. रेषा हललीच नाही. प्रोबचा स्क्रू ढिला झाला होता. कधीपासून, ते कोणालाच सांगता येईना.

"म्हणजे चाळीसच्या चाळीस परत? टेम्पोवाला शिव्या घालेल, ताई."

"घालू दे. भट्टीत नळी फुटली तर काय करशील?"

स्क्रू आवळून सगळ्या नळ्या पुन्हा तपासल्या. एकतिसाव्या नळीवर रेषा उठली. आतून तडा होता. साईनाथने तिच्यावर लाल खूण केली. मग म्हणाला, "ताई, चहा सांगू?"

पुढे ताई निवृत्त झाल्या. मला ठेवायची पेटी हत्यारांच्या पसाऱ्याखाली दबली, तरी गठ्ठा संपला की साईनाथ मला शोधून काढायचाच.

दोन महिन्यांपूर्वी, गठ्ठा नुकताच संपला असताना, ताई गेल्याचा फोन आला. सगळे अंत्यदर्शनाला निघाले. "साईनाथ, चल रे, बस लागलीय," कोणीतरी ओरडलं.

"दोन मिनिटं."

त्याने मला टाकीत सोडलं. रेषा उठली, जेवढी उठायला हवी तेवढीच. त्याने मला पुसून कापडात गुंडाळलं आणि मगच तो बसमध्ये चढला.

मित्रांनो, माझ्या अंगावर दुसरा ओरखडा पडू देऊ नका, नाहीतर रेषा कशावर उठली ते कळणार नाही. आणि काम झालं असं वाटलं, की निघण्याआधी मला एकदा विचारा.