खलात निघालेला माठाचा रस

मित्रांनो, मी एक जुना खल आहे. पांढऱ्या चिनी मातीचा. भट्टीतून निघालो तो थेट या प्रयोगशाळेत आलो आणि पानं, साली, बिया कुटून घेत इथेच म्हातारा झालो. पण त्या दुपारची आठवण झाली की अजूनही काळजात चर्र होतं.

आमच्या संशोधक बाईंनी माठाच्या पालेभाजीवर काम सुरू केलं होतं. या भाजीनं यकृताचं रक्षण होतं का, हे त्यांना पाहायचं होतं. वाळवलेली पानं माझ्यात कुटायचं काम मामांचं. मामा म्हणजे आमचे मदतनीस. वयानं बाईंपेक्षा मोठे, तोंडानं अबोल. काही उंदरांना यकृत बिघडवणारं रसायन दिलं आणि त्यांतल्या निम्म्यांना माठाचा अर्कही. तीन महिन्यांनी बाई सूक्ष्मदर्शकावरून उठल्या त्या जवळजवळ नाचतच.

"मामा, बघा तरी! अर्क दिलेल्यांचं यकृत किती कमी बिघडलंय! भाजीनं वाचवलं हो!"

मामांनी बराच वेळ भिंगातून पाहिलं. मी मात्र आनंदानं फुगलो.

दुसऱ्या दिवसापासून मामा सकाळी अर्धा तास आधी येऊ लागले. ताजी पानं माझ्यात वाटायची, फडक्यातून रस पिळायचा, बाटलीत भरून पिशवीत लपवायचा. घरी त्यांच्या बायकोला, मामींना, यकृताचा आजार होता. मला वाटलं, चला, आपल्या हातून पुण्य घडतंय!

सोळाव्या दिवशी दुपारी मामा नेहमीची पानं कुटत होते. फोन वाजला. पलीकडे त्यांची मुलगी रडत होती. "बाबा, आई मला ओळखत नाहीये. काहीतरी भलतंच बडबडतेय."

बाई धावत आल्या. "मामा, यकृत फार बिघडलं की माणूस असं भ्रमतं. मामींच्या गोळ्या चालू आहेत ना?"

"बंद केल्या, बाई. रस देतोय."

"बंद? कोणी सांगितलं?"

"तुम्हीच म्हणालात ना, भाजीनं वाचवलं."

"उंदरांना, मामा! माणसाला अजून दिलंच कुठंय आपण?"

मामांच्या हातून बत्ता निसटून माझ्यावर आदळला. मला तडा गेला. पण मी सुन्न झालो तो त्यामुळे नव्हे. ज्या गोळ्यांच्या जोरावर मामी उभ्या होत्या, त्यांची जागा माझ्यात निघालेल्या रसानं घेतली होती!

मामी बारा दिवस दवाखान्यात होत्या. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, जीव वाचला. मामा कामावर परतले तेव्हा बाई त्यांच्यासमोर स्टुलावर बसल्या.

"तीन महिने मी रोज तुम्हाला उंदरांची वजनं विचारली, मामा. मामी कशा आहेत, हे एकदाही विचारलं नाही."

"मीही कुठे सांगितलं?" मामा पुटपुटले.

तडा गेलेला खल कोण वापरणार? मी आता फळीवर धूळ खात पडलोय. बाईंचं काम नव्या खलात चालू आहे. माणसांवर तपासायला अजून बरीच वर्षं लागतील म्हणतात.

मित्रांनो, माठाची भाजी खुशाल खा, चवीनं खा. पण डॉक्टरांची गोळी परस्पर बंद करू नका. आणि घरात कुणी गुपचूप काही वाटताना, पिताना दिसलं, तर लगेच विचारा. मी सोळा सकाळी सगळं पाहिलं, पण मला विचारता येत नव्हतं. तुम्हाला येतं.