येतो म्हणालाय

आमच्या कुरणवाडीत मला लोक 'पर्यावरण' म्हणतात. माझं नाव विश्वजित. पण "ए पर्यावरण, कुठं निघालास?" असं कुणी चारचौघांत विचारलं की मी वळून बघतो, म्हणजे नाव चिकटलंच म्हणायचं. दोन हजार एकोणीसच्या पुरात आमच्या स्वयंपाकघरात चार दिवस पाणी होतं. एकवीसला पुन्हा आलं. तेव्हा गाळ उपसता उपसता मी बोलून गेलो, की आपणच धूर सोडायचा आणि आपणच नदीला शिव्या द्यायच्या, हे काही खरं नाही. बोलून गप्प बसलो असतो तर भागलं असतं. मी मोटारसायकल विकली. तेव्हापासून नाव पडलं.

कोल्हापुरात एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी सहायक आहे. गावापासून अठरा किलोमीटर. त्यासाठी सव्वाआठची बस. सव्वाआठची हे तिचं नाव झालं, वेळ नव्हे. ती कधी साडेआठला येई, कधी नऊला, कधी यायचीच नाही. चौकशीला फोन लावला की पलीकडचा माणूस म्हणायचा, "निघालीया की!" हा 'की' मोठा बेरकी. तो लावला की पुढं काही विचारायची सोयच राहत नाही. माझी चिडचिड बघून आकाराम हसायचा. आकाराम म्हणजे माझ्या शेजारचा, रोज दुधाचे कॅन घेऊन शहरात जाणारा. थांब्यावरच्या गंजक्या पाटीकडं बोट करून तो म्हणायचा, "आरं, बोर्डावरच लिवलंय की. बस, थांबा. बसा आन् थांबा!"

या थांब्यावर माझ्याइतकंच इमानानं बसणारं आणखी एकच माणूस होतं, शेवंताअक्का. आरोग्य केंद्रातनं नर्स म्हणून निवृत्त झालेल्या, वय अडुसष्ट. गावातली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मली, माझी मुलगीसुद्धा. दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्या शहरात जायच्या. नर्सिंगच्या शिक्षणात त्यांच्याबरोबर असलेल्या झुंबरबाई खुब्याचं हाड मोडून दोन वर्षं अंथरुणाला खिळल्या होत्या. अक्का जाऊन त्यांच्या डोक्याला तेल लावायच्या, नखं काढायच्या, आणि दोघी मिळून जुन्या मेट्रनची टिंगल करायच्या. अक्कांचा गुडघा गेलेला, मोटारसायकलवर पाय टाकता येत नव्हता. लेकाकडं, प्रसेनजीतकडं, चारचाकी होती. त्यानं कधी नाही म्हटलं नसतं. पण अक्कांनी कधी विचारलं नाही.

मी एकदा म्हटलं, "अक्का, प्रसेनजीत सोडतो म्हणतोय तर जावा की."

"सोडील की. पर मग त्यो न्यायला येईल तवा उठाय लागतंय," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्सं रातीअपराती बाळंतपणाला एकटी गेले. आता मैतरणीकडं जायला पोराची सवड बगू व्हय?"

ही गोष्ट त्या सवडीचीच आहे. बस होती तोवर अक्का आपल्या मर्जीनं जात होत्या. बस गेली की त्यांना लेकाला विचारून जावं लागणार होतं.

आता बस का जाणार होती, ते सांगतो. दोष एकट्या बसवाल्यांचा असता तर मी पोटभर शिव्या देऊन मोकळा झालो असतो. पण आमच्याकडची तऱ्हा वेगळी. आमच्या भागात थांब्यावर माणूस उभा दिसला की गाडीवाल्याचा हात आपोआप ब्रेकवर जातो. "पावणं, चला की, सोडतो!" ओळख असो वा नसो. नाही म्हटलं तर राग येतो. बस दहा मिनिटं उशिरा आली, की तेवढ्यात थांब्यावरचं एकेक माणूस कुणा ना कुणाच्या पाठीमागं बसून गेलेलं असायचं. बस यायची तेव्हा थांबा रिकामा. कंडक्टर बाळासो खिडकीतनं बघायचा, एकट्या अक्का नाहीतर मी. मग हापिसात लिहिलं जायचं, कुरणवाडीला प्रवासी नाहीत. प्रवासी नाहीत म्हणून चांगली गाडी दुसऱ्या मार्गाला जायची आणि आमच्या वाट्याला खटारा यायचा. खटारा वाटेत बंद पडायचा. मग आणखी उशीर, आणखी लिफ्ट. गावाच्या भलेपणानंच आमची बस मारत आणली होती.

मी दोन वर्षं लिफ्ट नाकारली. "आमच्या गाडीला काटं हाईत व्हय रं?" असं आकारामनं तोंडावर विचारलं, तरी नाकारली. अक्का थांब्यावर एकट्या पडू नयेत, हेही एक कारण होतं. मला त्याचा जरा अभिमानही वाटायचा, खोटं कशाला बोलू.

तो अभिमान फेब्रुवारीत उतरला. बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा होती. रसायनांच्या कपाटाची किल्ली माझ्या खिशात, आणि मी थांब्यावर. नऊ वाजले. बस नाही. शेवटी आकारामच्या दुधाच्या कॅनना धरून मी पोचलो तेव्हा चाळीस पोरं ॲप्रन घालून व्हरांड्यात उभी होती. आमचे विभागप्रमुख सगळ्यांसमोर शांतपणे म्हणाले, "पर्यावरण वाचवून झालं असेल तर किल्ली द्या." पोरं हसली. मी किल्ली दिली. रात्री जेवण गेलं नाही. पंधरा दिवसांत मी इलेक्ट्रिक स्कूटर घेतली.

धूर नाही, आवाज नाही, म्हणजे माझं तत्त्व शाबूत, असं मी बायकोला पटवलं. मोना एवढंच म्हणाली, "मला कशाला पटवताय? मी कुठं काय म्हटलं?"

अक्कांना सांगायला मात्र जीभ रेटेना. स्कूटर बघून त्यांनीच तिच्यावरनं हात फिरवला. "बरं केलंस. तुला टायमावर जायाचं आसतंय," म्हणाल्या. मागं बसायचा प्रश्नच नव्हता, गुडघ्यामुळं. पहिल्या शुक्रवारी त्यांच्यासमोरून जाताना मी मान वळवून आरशात काहीतरी बघितल्यासारखं केलं.

त्याच आठवड्यात बाळासोनं बातमी आणली. मला तो सर म्हणतो. मी सर नाही, पण त्याला कधी सुधारलं नाही. "सर, मंगळवारी सकाळच्या फेरीची मोजणी हाय. सगळी गावं मिळून ईस माणसं चढली तर फेरी ऱ्हाणार. न्हायतर एक तारखेपास्नं बंद."

मी पेटलो. अपराधी माणूस पेटतो तसा पेटलो. दोन संध्याकाळी घरोघर फिरलो, तेही स्कूटरवरनं, आणि बस वाचवायच्या अर्जावर बेचाळीस सह्या गोळा केल्या. एकानंही नाही म्हटलं नाही. चहा पाजला, वर "आलोच म्हणून समज मंगळवारी" म्हणाले. पहिली सही अक्कांची. सही करून त्यांनी चष्म्यावरनं माझ्याकडं बघितलं.

"तू येशील न्हवं?"

"येणार की, अक्का!" मी म्हणालो. चौकशीच्या फोनवरच्या माणसासारखाच 'की' लावला.

मंगळवारी आठ वाजता मी स्कूटर घेऊनच थांब्यावर गेलो. ती तिथंच झाडाखाली लावायची आणि बसनं जायचं, असा माझा बेत होता. खरंच होता. बेचाळीसपैकी चौघं आले होते आणि अक्का. सव्वाआठ झाले. साडेआठ झाले. तेवढ्यात आकाराम आला. दोघांना त्यानं आग्रहानं बसवलं. "काय ताटकळत बसताय उन्हात? चला की!" मी म्हटलं, "आकाराम, आज मोजणी हाय." तो म्हणाला, "आरं मोजू देत की, मी काय मोजू नका म्हणतोय?" उरलेल्या दोघांना एका टेम्पोवाल्यानं नेलं. उरलो मी आणि अक्का.

आठ चाळीसला कॉलेजातनं फोन आला. तपासणीला बाहेरची माणसं साडेनऊला येणार आहेत, कपाट उघडं पाहिजे. मला तो व्हरांडा दिसला, ॲप्रन घातलेली पोरं दिसली. मी स्कूटर सुरू केली. अक्का माझ्याकडं बघत होत्या. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि निघताना आपण जे बोलतो तेच माझ्या तोंडून आलं.

"येतो, अक्का."

त्यांनी मान हलवली. हमरस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या तुंबतात म्हणून त्या पहिल्या शुक्रवारनंतर मी कालव्याच्या रस्त्यानं जायला लागलो होतो. तो रस्ता थांब्यापासनं उलटा, आमच्या घरावरनं जातो. मी स्कूटर वळवली आणि गेलो. साडेनऊला कपाट उघडं होतं. तपासणीवाल्यांनी त्याच्याकडं ढुंकूनही बघितलं नाही.

संध्याकाळी गावात शिरलो तेव्हा परतीची बस थांब्यावर उभी होती. बाळासो खाली उतरून तोंडावर पाणी मारत होता.

"काय झालं मोजणीचं?" मी विचारलं.

"सात, सर. सगळी गावं मिळून." त्यानं रुमालानं तोंड पुसलं. "पर आज तुमच्या नर्सबाईंनी लई गोंधळ घातला बगा."

"कसला गोंधळ?"

"गाडीच सोडंनात. एक पाय फुटबोर्डावर, एक पाय खाली. मी म्हटलं, अवो वर या. म्हणाल्या, मी वर आल्यावर तू घंटी मारशील. थांब, विश्वजित येतोय. गाडी घरात लावून येतो म्हणालाय. धा मिंटं थांबलो, सर. तो गुडघा थरथर कापाय लागला तरी पाय उचलंनात. आतली माणसं वराडाय लागली. शेवटी मीच हाताला धरून वर घेतलं. तर म्हणाल्या, दोन तिकिटं फाड. म्हटलं, दुसरं कुणाचं? तर म्हणाल्या, त्याचं. येतो म्हणालाय त्यो, मागनं गाठील. कागदावर दोन लिव."

मी बसच्या फुटबोर्डाकडं बघत राहिलो. बाळासोला वाटलं, मला वाईट वाटतंय ते फेरीचं. तो माझी समजूत घालायला लागला. "तुमी आला आसता तरी आठच झाली आसती, सर. तुमच्यामुळं काय फरक पडत न्हवता."

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. एकोणीस झाले असते आणि एका माणसावाचून फेरी गेली असती, तर निदान मी स्वतःला चार शिव्या घालून मोकळा झालो असतो. इथं फरक पडणार नव्हता हे माहीत असूनही एक म्हातारी बाई दुखऱ्या गुडघ्यावर बस अडवून उभी राहिली होती, माझ्या एका शब्दावर. आणि तो शब्द मी शब्द म्हणून दिलाच नव्हता.

अक्का दारातल्या कट्ट्यावर बसल्या होत्या. गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी. मी स्कूटर कोपऱ्यावरच ठेवून चालत गेलो. मला बघून त्यांनी चष्म्याचं घर उघडलं आणि त्यातनं तिकीट काढून माझ्या हातात दिलं. "घे. तुझं. जपून ठेवलंय."

"अक्का, मी येतो म्हटलं ते..." मला पुढं नीट सांगता येईना. "निघताना म्हणतात न्हवं, तसं म्हटलं."

"आता ध्यानात आलं की." त्या हसल्या. खरंच हसल्या, टोमणा नव्हता. "घराकडं वळलास न्हवं तू? मला वाटलं, गाडी लावून येतोय. माझीच चूक. आयुष्यभर सारी लोकं येतो म्हणूनच जात्यात."

"फेरी बंद होणार, अक्का."

"व्हय. बाळासो म्हणाला."

"मग झुंबरबाईकडं?"

त्यांनी पिशवी जरा सरकवली. आत प्रसेनजीत फोनवर बोलत होता, त्याचा आवाज येत होता. "शुक्रवारी त्याला काम हाय म्हणतोय. ऐतवारी जमतंय का बगतो म्हणाला," त्या हळू म्हणाल्या. "इचारलंय मी."

अक्कांनी विचारलं होतं. एवढी वर्षं जे टाळलं, ते त्यांनी आज संध्याकाळी केलं होतं, आणि त्यांना रविवार मिळाला होता, तोही जमला तर. मला फार लाज वाटली. दोन वर्षं मी ज्याला पर्यावरण म्हणत होतो त्यातली निम्मी गोष्ट ही बाई होती, आणि मी तिला थांब्यावर सोडून बिनधुराच्या गाडीवरनं निघून गेलो होतो.

मी तिकीट खिशात घातलं आणि निघालो. पायरीपाशी सवयीनं तोंड उघडलं, आणि तसाच उभा राहिलो. येतो म्हणवेना. जातो म्हणायची आपल्यात रीत नाही.

अक्कांनी वर बघितलं. मग कट्ट्यावर थोडं सरकून जागा केली.

"बस की," म्हणाल्या.