चौदाव्या पानावर

"आज काय चुकलंय, काका?" मी मान वर न करताच विचारलं.

"काही नाही गं, तो स्वल्पविराम. 'हसरी'च्या पुढचा. नकोसा वाटतो."

मागच्या मंगळवारी तोच स्वल्पविराम त्यांनी हट्टाने घालायला लावला होता. काका किल्ल्या बनवतात, आमच्या ऑफिसखालीच त्यांची टपरी आहे. तीन वर्षांपूर्वी त्यांची मुलगी तापाचं निमित्त होऊन गेली, बाविसाव्या वर्षी. आमच्या साप्ताहिकाच्या वेबसाइटवर श्रद्धांजलीचा विभाग आहे, तिथे तिचा फोटो आणि चार ओळी आहेत. वेबसाइट मी सांभाळते. म्हणजे लिहिणारे वेगळे, बोलणी खाणारी मी.

त्या विभागात चौकटी कंसात एक ओळ असते, शॉर्टकोड म्हणतात तिला. एका पानावर किती नोंदी दाखवायच्या, कोणत्या क्रमाने, एवढं तिच्यात लिहिलं की यादी आपोआप लागते. मी फारसा विचार न करता लिहून ठेवलं होतं, जिच्यात शेवटचा बदल झाला ती नोंद सगळ्यांत वर. काकांनी एकदा वय दुरुस्त करून घेतलं आणि पोरगी एकदम पहिल्या पानावर आली. तेव्हापासून दर मंगळवारी एक चूक हजर. मला काय कळत नव्हतं? पण नाही म्हणायला जीभ रेटत नव्हती.

आज सकाळी मात्र संपादक म्हणाले, "लोक तक्रार करतायत. काल गेलेला माणूस खाली आणि तीन वर्षांपूर्वीची मुलगी वर, हे काय? तारखेने लाव."

लोकांचंही काही चुकत नव्हतं. मी एक शब्द बदलला. पोरगी चौदाव्या पानावर गेली.

आता मी स्वल्पविराम काढला. काकांनी मोबाइलवर पहिलं पान उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं.

"वर आली नाही गं."

"आता नाही येणार, काका." मी सगळं सांगितलं. त्यांनी तरी पहिलं पान आणखी एकदा उघडून पाहिलं. मला माझाच राग आला. म्हटलं, थांबा जरा. एक वेगळं पान केलं, शॉर्टकोडमध्ये फक्त तिच्या नोंदीचा नंबर घातला आणि ते त्यांच्या मोबाइलवर उघडून दिलं. "हे घ्या. इथे ती कायम वर."

काकांनी अंगठ्याने पान सरकवून पाहिलं. खाली काहीच नव्हतं.

"बाकीचे कुठे गेले?"

"इथे फक्त तीच आहे. तुमच्यासाठी."

"एकटीच?" त्यांनी मोबाइल माझ्यापुढे ठेवला. "नको गं. हॉस्पिटलातही एकटीला झोप लागायची नाही तिला. माणसांत राहू दे. मागे असली तरी चालेल."

मी ते पान काढून टाकलं. काकांनी चष्मा लावला आणि एकेक पान उलटत चौदाव्यावर पोचले. तिच्या वर एक शिंपी होते, खाली शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई. दोघांबद्दलचं सगळं त्यांनी ओठ हलवत वाचून काढलं.

"शेजार बरा आहे," म्हणाले, आणि टपरी उघडायला खाली गेले.