भिंतीवरचा रस्ता

मी एक बहिर्वक्र भिंग. बाबा चष्म्याची भिंगं घासायचे. शाळकरी लेकीला हा शब्द अडला, तेव्हा त्यांनी मलाच चिमटीत धरलं. "बाहेर फुगलं ते बहिर्वक्र. मध्ये जाड, कडेला पातळ. पोट सुटलेलं म्हण ना!"

माझं पोट मात्र जेमतेम. चष्म्याला मी चाललो नाही, डब्यात पडून राहिलो.

लेक मोठी झाली. एकदा शब्दाला शब्द वाढला आणि ती घर सोडून गेली. पुढे आई पडली, कंबर गेली, ती खाटेला खिळली. खिडकी तिच्या डोक्यामागे. डोळ्यांसमोर नुसती भिंत. "ती आली तर मला दिसणारसुद्धा नाही हो," आई म्हणायची.

बाबांनी खिडकीच्या झडपेला भोक पाडून मला बसवलं. खोली अंधारली, आणि मी बाहेरचा उजेड गोळा करून समोरच्या भिंतीवर सोडला. रस्ता उलटा तरंगू लागला. झाडं वरून खाली लोंबायची, सायकली छतालगत पोहत जायच्या. मला आपण स्वप्नात आहोत असंच वाटायचं.

एका दुपारी फाटकाशी एक बाई थांबली. उलटी असली तरी आईने चाल ओळखली.

"अहो, आली! आपली आली! अगंबाई, परत फिरली... चौकाकडे चालली, पळा!"

बाबा भिंगं घासायच्या भुकटीने माखलेल्या हातांनीच धावले, चौकाच्या दिशेने. मी नुसतं वरचं खाली करत नाही, बाजूही बदलतो! लेक उलट दिशेला, पुलाकडे निघाली होती. जन्मभर भिंगं घासणारा माणूस, पण लेकीपुढे तोही हे विसरला.

अर्ध्या वाटेत त्यांनी कपाळावर हात मारला आणि वळून पुलाकडे पळत सुटले. भिंत रिकामी झाली.

मग छताजवळून दोघं सावकाश येताना दिसली. बाबांनी तिचं मनगट घट्ट धरलं होतं. आई रडत रडत हसली. मला डोळे असते तर मीही रडलो असतो.

आता बापलेक मिळून आईला उचलतात, खुर्चीत बसवून अंगणात नेतात. खोलीत कोणी नसतं. झडप तशीच लावलेली, भिंतीवर रस्ता वाहतो, आणि त्याच्या कडेला, थोडी धूसर, उलटी, लेकीशी गप्पा मारणारी आई.

बघायला कोणी नाही. नसू दे. मला इथून काढू नका, एवढंच.