मध्यंतरानंतरचा खेळ

सत्त्याऐंशी सालची गोष्ट. आमच्या सिंधूच्या कॉलेजची कबड्डीची फायनल झाली आणि पुढच्याच महिन्यात माझी बायको पंचफुला गेली. ती मॅच केबलवाल्या चंपतरावने कॅमेऱ्यात घेतली होती. पंचफुलाचा हलताबोलता चेहरा दुसरीकडे कुठेच नाही.

आमच्या इतवारी भागात चंपतरावची वायर मोठ्या गल्लीत होती आणि गोपाळरावची आमच्या बोळात. सिनेमाच्या कॅसेटी दोघे एकमेकांना देत. ही मॅच मात्र चंपतरावने दिली नाही. पाहायची तर त्याची वायर घ्या. गोपाळरावची वायर पुढच्या सगळ्या घरांना माझ्या गच्चीवरच्या पाइपावरून जायची, म्हणून चंपतराव आधी माझ्याकडेच आला.

"भाऊ, त्याची वायर तोडा, माही बांधा. आज संध्याकाळीच मॅच लावतो. वहिनी दिसतीन."

मी पक्कड घेतली, गोपाळरावची तोडली आणि चंपतरावची बांधली.

बोळातले टीव्ही बंद पडले. शेजारची प्रयागबाई ओरडली, "तुही बायको गेली म्हणून आमचा सिनेमा काहून मारून राहिला गा?"

गोपाळराव दारात आला. "धोंडबा, वहिनीले खांदा देल्ला मी."

"देल्ला तर घेऊन जा परत," मी म्हणालो आणि दार लावलं.

मॅच लागली. कॅमेरा एकाच जागी उभा होता. सिंधूच्या बाजूची माणसं त्याच्या मागे बसलेली, त्यामुळे पंचफुलाचा नुसता आवाज येत होता. पंचावर तापली होती. "अबे आंधळ्या, घरी जाऊन चुलीतली लाकडं मोज!"

मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात, आणि माणसंही उठून आपल्या संघामागे जातात. म्हणजे आता ती कॅमेऱ्यासमोर येणार होती. सिंधूने माझा हात धरला.

शिटी वाजली. माणसं उठली. आणि पडद्यावर मुंग्या आल्या.

मी धावत खाली गेलो. चंपतराव बोळाच्या तोंडाशी उभा होता.

"बाकीची उद्या, भाऊ. तेवढं प्रयागबाईले अन् पुढच्या घरांले माही वायर घ्याले लावा."

"आत्ता लाव."

"तुमची एकट्याची गच्ची घेऊन मी काय करू?"

सिंधू मागून आली. "बाबा, सांगा ना त्यायले."

मी पक्कड घेऊन वर गेलो. चंपतराव खालून ओरडला, "तोडसान तर कॅसेट पुसतो! उद्या तिच्यावर लग्न भरतो कोणाचं!"

मी तोडली.

गोपाळराव आपल्या वायरचं टोक घेऊन धावत आला. "शाबास गा! हे घे, बांध माही."

"तुहीबी नाही."

मग ते दोघे बोळात एकमेकांच्या आईबहिणी काढू लागले. मी वरून बोंबललो, "अबे आंधळ्यांनो, घरी जाऊन चुलीतली लाकडं मोजा!"

दोघांनी माना वर केल्या. सिंधू तोंडाला हात लावून वर पाहत होती. मी पाइप उपटला आणि दोघांच्या मधोमध फेकला.