राजपुत्र आत का गेला?

मित्रांनो, माझ्या पाठीवर डिंकाचे तीन थर आहेत. मी एक म्हातारं पुस्तक आहे, ‘काळदरीचा राजपुत्र’, भाग दुसरा. चिंचपोकळीच्या छापखान्यात जन्मलो, लालबागच्या एका चाळीतल्या वाचनालयात वाढलो.

माझे थोरले बंधू, म्हणजे पहिला भाग, भाग्यवान. एका आजोबांनी त्यांना उलटं धरून वाचलं आणि तरी शेवटी रडले. माझ्याकडे मात्र सगळ्यांनी डोळे बारीक करूनच पाहिलं.

मी आलो तेव्हा गिरण्यांच्या संपाला आठ महिने झाले होते. माझा लेखक सीताराम साचेखात्यातला विणकर, तोही संपावर. आणि माझ्या शेवटी राजपुत्र राक्षसाच्या बंद नगरीचा दरवाजा ढकलून एकटाच आत जातो. संपात गेटातून आत कोण जातो, हे लालबागच्या पोराटोरांनाही ठाऊक.

वाचनालयाची रीत अशी, की शेवटच्या कोऱ्या पानावर शेरा लिहायचा, खाली गिरणीचा बिल्ला नंबर. ‘राक्षस झकास.’ ‘पहिल्या भागाची सर नाही.’ ‘राजकन्या फार बोलते, पण खरं बोलते.’ शेजारच्या कोंडीरामने मात्र शाईने लिहिलं, ‘लेखक फितूर. आत जायच्या तयारीत आहे.’

त्याने सीतारामला जिन्यातच गाठलं.

“राजपुत्र आत कशाला गेला रे?”

“घोडा आत राहिला होता त्याचा. शेवट वाचलास ना?”

“वाचला, म्हणून तर विचारतोय.”

“मग वाचूनही असं बोलतोस, म्हणजे तुझ्याच मनात काहीतरी आहे.”

झालं. दोघांचं बोलणं तुटलं. नळावर सीतारामची बायको मालन आली, की बाया भिंतीकडे बघू लागल्या. फितुराच्या घराला चाळीत कोण थारा देणार?

एका दुपारी मालन तडक वाचनालयात आली.

“राजपुत्र बाहेर येतो की. घोडा घेऊन. घरी मी सगळं ऐकलंय.”

“वहिनी, पुस्तकात तसं नाही,” तिथेच पेपर वाचत बसलेला कोंडीराम म्हणाला.

तिने माझं शेवटचं पान चिमटीत धरलं. “हे एवढं जाड कसं?” केसातला आकडा काढून तिने वरची कड चिरली. छापखान्यात कापायची राहिलेली दोन पानं सुटी झाली आणि राजपुत्र घोड्याचा लगाम धरून बाहेर आला, चित्रासकट. मला पहिल्यापासून ठाऊक होतं. पण पुस्तकाला स्वतःहून उघडता येत नाही.

कोंडीरामने पानाचा वास घेतला. “मागाहून घातलं असेल.”

“तू घे वास. मी नळावर सांगते, शेवट न वाचता कोणी कोणाला फितूर ठरवलं ते.”

दुसऱ्या दिवशी नळावर मालनने घोड्याची गोष्ट सांगितली. तीन बादल्या भरून वाहिल्या, कोणी हलेना. शेवटी रांगेत पहिली उभी असलेली सुभद्रा म्हणाली, “मालन, तुझी बादली लाव आधी.”

कोंडीराम गुपचूप ब्लेडने आपला शेरा खरवडायला बसला. शाई हट्टी, हात रागावलेला. पानाला भोक पडलं.

सीताराम गिरणीच्या गेटातून पुन्हा कधी आत गेला नाही. पुढे गिरणीच उरली नाही. माझ्या कोऱ्या पानामागे घोड्याचं चित्र आहे आणि त्याचा चौथा पाय त्या भोकात गेलाय. हल्लीची मुलं लिहितात, ‘राक्षसाने पाय कापला, लेखकाने लपवलं.’

मित्रांनो, संशय खुशाल घ्या. शेरा मात्र शिसपेन्सिलीने लिहा.